चौसष्टातून त्रेसष्ट वजा करू नका

पत्र:

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहते. वय ५४, हायस्कूलला गणित शिकवते. मुलगा बंगळुरूला नोकरीला आहे. दिवाळीला आला तेव्हा माझ्यासाठी एक किट घेऊन आला. बोटाला टोचून कागदाच्या कार्डावर रक्ताचे थेंब घ्यायचे आणि कुरिअरनं पाठवायचे. डीएनएवरून शरीराचं खरं वय कळतं म्हणाला. वीस हजारांच्या आसपास खर्च केला त्यानं. त्याआधी तीन आठवडे मला डेंग्यू होऊन गेला होता, पण तोवर मी शाळेत जायला लागले होते. महिन्यानं रिपोर्ट आला. जैविक वय ६३. माझी आई ६४ व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेली. तेव्हापासून माझं एकच गणित चालू आहे. रात्री तीनला जाग येते ती येतेच. मुलानं त्याच कंपनीच्या कॅप्सूल मागवल्यात, महिन्याला साडेचार हजार. सहा महिन्यांनी पुन्हा टेस्ट करू, वय खाली आलेलं दिसेल, म्हणतो. मिस्टर म्हणतात तो कागद चुलीत घाल. जिना चढताना थोडी धाप लागते, ती डेंग्यूपासून आहे. बाकी ठीक. शाकाहारी आहे, व्यसन कुठलं नाही. मुलीचं लग्न वैशाखात ठरलंय. तोपर्यंत तरी... पुढचं लिहवत नाही. कुणाचं ऐकू?

एक शिक्षिका, सांगली

उत्तर:

ताई,

या सदरासाठी आलेली पत्रं मी आली त्या क्रमानं घेते. तुमचं रांग मोडून पुढे घेतलं, ते धापेच्या त्या एका ओळीसाठी. त्रेसष्टबद्दल तुम्ही पानभर लिहिलंत आणि धाप एका ओळीत उरकलीत. मला ते उलटं वाटतं.

म्हणून आधी तेच. हे वाचून झालं की आजच, फार तर उद्या, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. ईसीजी काढा, बीपी बघा, हिमोग्लोबिन तपासा. सांगली-मिरजेत दवाखान्याला तोटा नाही, तासाभराचं काम आहे. ईसीजी चांगला आला तरी धाप राहिलीच, तर टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि डॉक्टरांना वाटलं तर ट्रेडमिल टेस्टही करून घ्या. डेंग्यूनंतर थकवा काही आठवडे रेंगाळतो हे खरं आहे. पण तुमची दिवाळी होऊन महिना-दीड महिना गेला, आणि ज्या बाईची आई हृदयविकारानं गेली तिची धाप तपासल्याशिवाय डेंग्यूच्या खात्यावर टाकायची नसते. क्वचित डेंग्यूमुळे हृदयाच्या स्नायूलाही सूज येते, तेही बघायला हवं. बसल्या जागी दम लागला, छातीवर दाब आला, जबड्यात, पाठीत किंवा हातात कळ आली, थंड घाम फुटला, तर सकाळ व्हायची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठा. सिनेमात माणूस छाती धरून कोसळतो, पण बायकांचा हृदयविकार पुष्कळदा तसा येत नाही. धाप, न जाणारा थकवा, ॲसिडिटीसारखी जळजळ एवढंच असतं, आणि ती बाई जेलुसिल घेऊन कामाला लागते. मिरजेत तीस वर्षं दवाखाना चालवताना अशा बायका मी पाहिल्यात. उशिरा आलेल्याही पाहिल्यात.

आता तुमचं गणित.

तुमच्या वर्गातल्या मुलानं पाच किलोतून चार मीटर वजा करून उत्तर एक लिहिलं, तर तुम्ही लाल पेन घ्याल. गेले कित्येक दिवस पहाटे तीन वाजता तुम्ही तीच वजाबाकी करताय. आईचं ६४ हे जन्मापासून मोजलेलं, पंचांगातलं वय. तुमचं ६३ हे एका सूत्रातून निघालेलं उत्तर आहे. त्याचा अर्थ इतकाच की कंपनीकडे ज्यांच्या रक्ताची माहिती आहे, त्यांतल्या सरासरी त्रेसष्ट वर्षांच्या माणसाच्या रक्तासारखं तुमचं रक्त त्या दिवशी दिसलं. आईचं रक्त या पट्टीनं कुणीच मोजलेलं नाही. ते ५५ भरलं असतं की ७५, आता कळायला मार्ग नाही. आणि घटकाभर धरून चालू की तुम्ही खरोखरच ६३ च्या आहात. आपल्या आजूबाजूच्या त्रेसष्ट वर्षांच्या बायका काय करताहेत ते बघा. नातवंडांना शाळेत सोडताहेत, एसटीनं पंढरपूरला जाताहेत. वर्षभरात जगाचा निरोप घ्यायच्या तयारीत कुणी बसलेली नाही.

हा आकडा येतो कुठून, ते एकदा नीट समजून घ्या. त्याची भीती बरीचशी न कळण्यातून येते, आणि तुम्हाला कळेलच, गणितच आहे ते.

माझं माहेर आटपाडीकडचं. लहानपणी आजोबांबरोबर खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात जायचे. बैलाचं वय विकणाऱ्याला विचारायचं नसतं, ते दातांत बघायचं. आजोबा डाव्या हातानं वेसण धरायचे, उजवा अंगठा जबड्याच्या कडेनं आत घालून खालचा ओठ दुमडायचे आणि क्षणभर बघून बोलायचे: आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळला. म्हणजे दुधाचे दात, मग दोन, चार, सहा आणि शेवटी आठही पक्के. जुळल्यानंतर दात किती झिजलेत, कसे पिवळे पडलेत त्यावरून पुढचा अंदाज. एकदा एका खिलाराच्या तोंडात बघून ते म्हणाले, "दात म्हातारं हायती, बैल तरणा हाय. खडकाळ माळावर चरलाय ह्यो." चालवून बघितला, पाठीवर थाप मारली आणि घेतला. तो बैल आमच्याकडे पुष्कळ वर्षं राबला.

तुमच्या कार्डावरच्या थेंबात कंपनीनं असेच दात बघितलेत. रक्तातल्या लाल पेशींत डीएनए नसतो, त्यामुळे जे वाचलं ते पांढऱ्या पेशींचं. डीएनएची चार अक्षरं असतात. त्यांतल्या सायटोसिन नावाच्या अक्षरावर काही ठिकाणी एक चिमुकली गाठ बसते, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. तिला मिथाइल गट म्हणतात. अक्षर बदलत नाही, पण त्या ठिकाणचं जनुक वाचलं जाणार की मिटून राहणार, यावर गाठीचा परिणाम होतो. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी यांच्यात डीएनए तोच असूनही दोघी वेगळं वागतात, त्यात या गाठींचा वाटा आहे. अशी गाठ बसू शकेल अशा जागा माणसाच्या डीएनएत साधारण २ कोटी ८० लाख आहेत. वय वाढतं तशी काही जागांवरची गाठ वाढत जाते, काही जागांवरची सुटत जाते.

प्रयोगशाळेत डीएनएवर बायसल्फाइट नावाचं रसायन टाकतात. गाठ नसलेलं सायटोसिन त्यानं बदलून जातं, गाठ असलेलं तसंच राहतं. मग एका चिपवर ठरावीक जागा तपासतात आणि प्रत्येक जागेला ० ते १ मधला एक आकडा मिळतो. ०.६२ आला तर शंभरातल्या बासष्ट धाग्यांवर त्या जागी गाठ आहे. असे शेकडो आकडे, प्रत्येकाला त्याच्या वजनानं गुणायचं, बेरीज करायची. उत्तर वर्षांत येतं. बास.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात तेव्हा असलेले संशोधक स्टीव्ह होरवाथ यांनी २०१३ साली हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. ५१ प्रकारच्या ऊती आणि पेशी, ८ हजार नमुने, आणि त्यांतून निवडलेल्या फक्त ३५३ जागा. १९३ जागांवर वयाबरोबर गाठी वाढतात, १६० जागांवर घटतात. रक्त असो, मेंदू असो, यकृत असो, एकाच सूत्रानं वयाचा अंदाज बांधता येतो, हे तेव्हा फार मोठं आश्चर्य होतं, आणि मला आजही आहे. अशा सूत्रालाच 'घड्याळ' म्हणतात. त्याच वर्षी हॅनम आणि सहकाऱ्यांनी १९ ते १०१ वर्षांच्या ६५६ जणांच्या रक्तावरून ७१ जागांचं दुसरं घड्याळ केलं. म्हणजे हे थोतांड नाही, ताई. तुमच्या मिस्टरांनाही सांगा. कागद चुलीत घालण्यासारखं शास्त्र नाही हे. हजारो लोकांचा गट घेतला तर यांतली नंतर आलेली घड्याळं कुठल्या गटात आजार आणि मृत्यू जास्त होतील, हे बऱ्यापैकी सांगतात. चुकतं ते गटाचं उत्तर एका बाईच्या हातात देताना.

होरवाथ यांच्या घड्याळाची मध्यक चूक ३.६ वर्षं होती. मध्यक म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. निम्म्या लोकांच्या बाबतीत चूक त्याहून मोठी होती. शिवाय मोजणाऱ्या यंत्राची स्वतःची चूक वेगळी. २०२२ साली एका अभ्यासात एकाच रक्ताचे दोन भाग करून दोन्ही मोजले. माणूस तोच, सुई तीच, सकाळ तीच. सहा नावाजलेल्या घड्याळांमध्ये या दोन उत्तरांतला फरक ३ ते ९ वर्षांपर्यंत गेला. तुमच्या ५४ आणि ६३ मध्ये नऊच वर्षं आहेत. त्याच संशोधकांनी गणिताची सुधारित पद्धतही दिली, तिनं हा फरक बहुतेक नमुन्यांत दीड वर्षाच्या आत आला. तुमच्या कंपनीनं ती वापरली की जुनी, हे रिपोर्टवर लिहिलेलं आहे का? चष्मा लावून शेवटच्या पानावरचं बारीक अक्षर वाचा.

आणि डेंग्यू. तुमच्या पत्रातलं ते वाक्य वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण किट पाठवणाऱ्यांनी हे आधी विचारायला हवं होतं. पांढऱ्या पेशी एकाच जातीच्या नसतात. अजून एकही शत्रू न पाहिलेल्या नवख्या पेशी असतात, लढून आलेल्या जुन्याजाणत्या असतात. वयाबरोबर नवख्यांचं प्रमाण घटतं. डेंग्यूत पांढऱ्या पेशी आधी धाडकन खाली येतात, मग वर येतात, आणि त्यांचं आपापसातलं प्रमाण पार ढवळून निघतं. प्रत्येक जातीच्या पेशीवर गाठींची नक्षी वेगळी, त्यामुळे मिश्रण बदललं की उत्तर बदलतं, जरी तुमची एकही पेशी एका दिवसानं म्हातारी झाली नसली तरी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात हे फार ठळक दिसलं. मांडीचं हाड मोडून तातडीचं ऑपरेशन झालेल्या वृद्धांचं हे जैविक वय दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेलेलं होतं, आणि चार ते सात दिवसांत मूळ जागी आलं. गरोदरपणातही वर जातं, बाळंतपणानंतर उतरतं. तुमच्या त्रेसष्टातली किती वर्षं डेंग्यूची, हे आता कुणी सांगू शकणार नाही. तीन आठवड्यांनी ते कार्ड भरायलाच नको होतं, एवढं मात्र मी ठामपणे म्हणेन.

माझ्या आजोबांसमोर तुमचा रिपोर्ट ठेवला असता तर त्यांनी ओठ सोडून दिला असता आणि म्हणाले असते, आता चालवून बघू.

मुलाला विचारायचा पहिला प्रश्न: हे नेमकं कुठलं घड्याळ? कारण घड्याळं आता बरीच झालीत आणि प्रत्येक वेगळं काही मोजतं. पहिल्या पिढीतली नुसतं पंचांगातलं वय ओळखायला शिकलेली. २०१८ मधलं फेनोएज वेगळ्या वाटेनं गेलं, आणि ते मला विशेष आवडतं. त्यांनी आधी वयाबरोबर नऊ साध्या तपासण्या घेतल्या, आणि त्यांच्यावरून जे 'वय' निघतं ते डीएनएच्या गाठींवरून ओळखायला घड्याळाला शिकवलं. त्या नऊ कुठल्या? अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, साखर, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी), लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची टक्केवारी, लाल पेशींचं सरासरी आकारमान, त्या आकारांतली तफावत, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि पांढऱ्या पेशींची संख्या. ही यादी घेऊन कपाट उघडा. डेंग्यूच्या वेळी काढलेल्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावर यांतल्या चार गोष्टी आत्ताही छापलेल्या असतील. बाकीच्या पाच कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होतात. अशा घड्याळाला वयाचे धडे ज्यांनी दिले, त्यांतल्या चार तपासण्या तुमच्या घरात प्लास्टिकच्या पिशवीत पडून आहेत.

तिसऱ्या तऱ्हेचं घड्याळ वय सांगतच नाही, वेग सांगतं. न्यूझीलंडमध्ये डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा गट आजवर सांभाळून ठेवलाय. वयाच्या २६ पासून ४५ पर्यंत त्यांच्या मूत्रपिंड, फुप्फुस, हिरड्या, कोलेस्टेरॉल अशा १९ गोष्टी पुन्हापुन्हा मोजल्या आणि त्यावरून २०२२ साली डनेडिनपेस हे घड्याळ आलं. उत्तर १ आलं तर वर्षाला एक वर्ष, १.१ आलं तर थोडं घाईनं. आपण सांगलीकरांना हा फरक वेगळा समजावायला नको. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी आपण कशी विचारतो? किती फूट, आणि चढतंय का उतरतंय. इशारा ४० ला, धोका ४५ ला. पाणी ३८ वर आहे आणि उतरतंय, तर माणूस झोपतो. ३८ वर आहे आणि कोयनेतून विसर्ग वाढवलाय, तर सामान माळ्यावर चढतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ज्यांनी ५७ फुटांच्या वर गेलेलं पाणी पाहिलं, त्यांना नुसत्या आकड्याचं आणि वेगाचं नातं कुणी शिकवायची गरज नाही. तुमच्या हातात एकदाच घेतलेला एक आकडा आहे, तोही पुलाचा खांब हलत असताना घेतलेला. चढतंय की उतरतंय, ते त्यातून कळत नाही.

दुसरा प्रश्न: पट्टी कुणाच्या अंगावर आखलेली? या घड्याळांचा पाया मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या आणि न्यूझीलंडच्या गोऱ्या लोकांचा. आपली शरीरं वेगळी आहेत, हे आपल्या पुण्यातूनच जगाला दिसलं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघे शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि बाळांवर वर्षानुवर्षं काम केलं, आणि त्यातून बी-१२ आणि फोलेट ही दोन जीवनसत्त्वं पुन्हापुन्हा समोर आली. मिथाइल गट शरीराला पुरवायचं काम याच दोघांच्या मदतीनं चालतं. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं आहे. ते कमी असलं की रक्त कमी होतं, आणि रक्त कमी झालं की धाप लागते. म्हणून बी-१२ तपासा. कमी निघालं तर गोळ्या किंवा इंजेक्शनं, स्वस्तातला उपाय आहे. पण तो धापेसाठी आणि मज्जातंतूंसाठी घ्यायचा. घड्याळाचा काटा मागे न्यायला म्हणून घेऊ नका.

कॅप्सूलबद्दल मी स्पष्ट बोलते. बंद करा. जो पट्टी विकतो तोच औषध विकतो आणि तोच सहा महिन्यांनी पुन्हा मोजून देणार, या व्यवहारात तुमच्या बाजूनं कुणीच बसलेलं नाही. तुमचं पुढचं माप कमी येण्याची शक्यता तशीही बरीच आहे, कारण डेंग्यू मागे पडलेला असेल आणि यंत्राची चूक दर वेळी एकाच बाजूला जात नाही. मग तुमचा मुलगा म्हणेल कॅप्सूलनं काम केलं. तो खोटं बोलणार नाही, त्याला तसंच वाटेल. आणि तुम्ही जन्मभर साडेचार हजार भरत राहाल.

नुसतं खाणं कमी करूनही हे काटे किती हलतात, ते नीट तपासलं गेलंय. अमेरिकेत २२० निरोगी माणसांवर दोन वर्षं प्रयोग झाला. एका गटानं पाव हिस्सा उष्मांक कमी करायचे ठरवलं, प्रत्यक्षात १२ टक्क्यांच्या आसपास जमले. दोन वर्षं रोज थोडी भूक ठेवून उठण्यासारखंच ते. २०२३ साली आलेल्या निकालात वेगाचं घड्याळ २ ते ३ टक्के मंदावलेलं दिसलं, आणि फेनोएज, ग्रिमएज ही दोन वयाची घड्याळं जागची हलली नाहीत. तेच लोक, तेच रक्त. दोन वर्षांच्या एवढ्या कष्टानं जे झालं ते एवढं, मग डबीतल्या कॅप्सूलनं सहा महिन्यांत नऊ वर्षं कशी उतरतील?

काटा हलतोच नाही, असं मात्र समजू नका. धूम्रपानाची खूण रक्तातल्या डीएनएवर इतकी स्पष्ट उमटते की एका जनुकाजवळची एकच जागा बघून माणूस विडी-सिगारेट ओढतो का, हे बऱ्याच खात्रीनं सांगता येतं. आणि सोडल्यावर ती खूण वर्षानुवर्षं हळूहळू पुसत जाते. तुम्हाला व्यसन नाही, लिहिलंत. एक विचारते, राग मानू नका. मिश्री? आपल्याकडे ती व्यसनात कुणी धरत नाही म्हणून विचारलं. असेल तर तीच आधी सोडा. आई लावत होत्या का, तेही डॉक्टरांना सांगा.

कारण तुमच्या सगळ्या पत्रात वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत वजनाचा आकडा ६३ नाहीच, ६४ आहे. आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टर त्याला मुलीच्या बाबतीत धोक्याची नोंद म्हणून धरतात. वडील-भावाच्या बाबतीत ५५ च्या आत. तुमची आई चौसष्टला गेल्या, म्हणजे ही नोंद तुमच्या कागदावर हवी. त्या वेळी त्यांचं बीपी, साखर कुणी बघितली होती का? त्या पिढीतल्या किती बायकांची ती तपासलीच गेली नाही. तुमच्या हातात ते सगळं आहे. उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन, सीबीसी, बी-१२, आणि आयुष्यात एकदा करायची लायपोप्रोटीन-ए, कारण ती आनुवंशिक असते आणि साध्या कोलेस्टेरॉलच्या तपासणीत दिसत नाही. यांतलं काही चढलेलं निघालं तर त्यावर औषध आहे, वर्षानुवर्षं पारखलेलं, आणि त्यानं हृदयविकाराचे झटके टळतात हे मोजून सिद्ध झालेलं आहे. जैविक वय ६३ वर कुठलंही औषध नाही.

मुलावर रागावू नका. आजी अचानक गेली ते त्याच्याही मनात कुठेतरी असणार, आणि लांब राहणाऱ्या मुलाला आईसाठी काहीतरी करायचं असतं. त्याला सांगा, कॅप्सूलचे पैसे थांबव आणि घरी हाताला बांधायचं चांगलं बीपीचं यंत्र घेऊन दे. पुढच्या सुट्टीत ईसीजीला स्वतः घेऊन ये, असं म्हणून मात्र थांबू नका, ते आजच. आणि त्यानं कंपनीला एक पत्र लिहावं: आईच्या डीएनएची माहिती कुठे साठवली, कुणाला देणार, पुसून मागितली तर पुसणार का. हे भेट देण्याआधी विचारायचं असतं, पण आता तरी विचारू दे.

दुसरं किट नको. निदान लग्न होईपर्यंत तरी नको. त्यानंतरही हौस वाटली तर ताप, लस, ऑपरेशन यांच्यापासून चांगले तीन-चार महिने लांब, आणि एकाच नमुन्याचे दोनदा मोजलेले आकडे देणारी जागा मिळाली तरच.

तीनची जाग. ५४ व्या वर्षी, पाळी जाताना किंवा गेल्यानंतर, झोप तशीही मोडते, त्यावर ही धास्ती. रिपोर्टचा कागद फाइलला लावा आणि ती फाइल झोपायच्या खोलीबाहेर ठेवा. जाग आलीच तर वजाबाकी करत पडून राहण्यापेक्षा उठून बसा, लग्नाची आमंत्रणाची यादी काढा, डोळे जड झाले की परत आडवं व्हा. डॉक्टरांना धाप सांगाल तेव्हा झोपेचंही सांगा. दोन-तीन आठवड्यांत सुधारली नाही तर त्याचाही इलाज आहे, लाजायचं कारण नाही.

आणि आकडे लिहायचेच असतील तर हे लिहा. शाळेची एक वही घ्या. सात दिवस, सकाळी आणि संध्याकाळी, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर, दोन-दोनदा बीपी मोजा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या. उरलेल्या चोवीस मापांची सरासरी तुम्ही माझ्यापेक्षा लवकर काढाल. घरी घेतलेली सरासरी १३५/८५ च्या वर आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा, खाली आली तरी दाखवून या.

धापेचं काय निघालं ते मला कळवा. पण आधी ईसीजी काढून या, मग लिहा.